हातात नसलेला माल विकणारी आपली पोरं

आमच्या पोशीरला भात पिकतं, म्हणून भातावरूनच सांगतो. समजा, मी शेजाऱ्याकडून दहा पोती भात उसनं घेतलं आणि आजच्या भावाने विकून टाकलं. महिन्याने भाव पडला की स्वस्तात दहा पोती घ्यायची, शेजाऱ्याची परत करायची, मधला फरक माझा. पण भाव चढला तर? पोती परत द्यावीच लागतात, मिळतील त्या भावाने. शेअर बाजारातलं शॉर्ट सेलिंग ते हेच.

यातली मेख हिशेबात आहे. शंभर रुपयांचा शेअर विकत घेतला तर जास्तीत जास्त शंभर बुडतात. तोच शॉर्ट केला तर जास्तीत जास्त शंभर मिळतात, आणि तोटा कुठे थांबेल ते कुणीच सांगू शकत नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये जर्मनीत फोक्सवॅगनचा शेअर काही दिवसांत 1000 युरोंच्या वर गेला, तेव्हा शॉर्ट करून बसलेले मोठमोठे फंड धुऊन निघाले. त्यांच्याकडे तर तज्ज्ञांची फौज होती.

माझ्या मामेभावाकडे फक्त मोबाइल होता. वय 23. नेरळहून लोकलने कामाला जाता जाता सौदे करायचा. बहिणीच्या फीसाठी ठेवलेले 20 हजार खात्यात. ब्रोकर पाचपट सौदा करू देतो, म्हणून एक लाखाचे, 200 च्या भावाने 500 शेअर त्याने सकाळी विकले. असा इंट्राडे सौदा त्याच दिवशी मिटवावा लागतो. आपण नाही मिटवला तर दुपारी सव्वातीनच्या सुमारास ब्रोकर मिटवतो. पण त्या दिवशी शेअरला वरचं सर्किट लागलं. विकणाराच नाही, मग परत घेणार कुणाकडून? डिलिव्हरी देता आली नाही, शेअर एक्स्चेंजच्या लिलावातून 236 ला आले. शेअरमागे 36 रुपये, म्हणजे 18 हजार गेले. वर दंड आणि खर्च. फी भरायला त्याने कर्ज देणाऱ्या ॲपवरून व्याजाने पैसे उचलले. घरी कळलं ते वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाल्यावर.

"भाई, माझं नशीब खराब," तो म्हणाला. नशिबाला कशाला बोल लावतोस? सेबीने 2022-23 चे इंट्राडे सौदे तपासले. दहापैकी सात जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांमध्ये 76 टक्के. आणि या बाजारातला तिशीच्या आतल्यांचा वाटा 2018-19 मध्ये 18 टक्के होता, तो 48 वर गेला होता. टिप देणारे, कोर्स विकणारे तुम्हाला हे आकडे दाखवतात का? त्यांची कमाई तुमच्या फीवर चालते, बाजार वर जावो की खाली.

कुणी म्हणेल, शॉर्ट सेलर लबाडी उघडी पाडतात. पाडतात, मान्य. जानेवारी 2023 मध्ये हिंडेनबर्गने अदानी समूहावर अहवाल काढला आणि देशभर प्रश्न विचारले गेले. पण त्यामागे महिनोन्‌महिने कागदपत्रं चाळणं होतं. टेलिग्रामवरच्या लाल बाणावर विश्वास ठेवून 'सेल' दाबणं ही वेगळीच गोष्ट.

माझा राग मात्र वडीलधाऱ्यांवरही आहे. हकीम बिन हिजाम हे व्यापारी सहाबी. गिऱ्हाईक मागतं तो माल माझ्याकडे नसतो, आधी विकून मग बाजारातून आणून देऊ का, असं त्यांनी पैगंबरांना (स.) विचारलं होतं, आणि उत्तर नकाराचं मिळालं. इतका नेमका प्रसंग आपल्याकडे असताना आपण "हराम आहे" एवढंच म्हणून उठून जातो. पोरगा मान हलवतो आणि वजूखान्याबाहेर पुन्हा ॲप उघडतो. त्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तू विकलंस ते तुझ्याकडे होतं का, वर गेलं तर कुठून आणशील?

लग्नाच्या पंगतीत किती डेगा लागतील यावर आपली जमात तासभर बसू शकते. तर एखाद्या जुम्याला, नमाजनंतर, यासाठी अर्धा तास द्या. मी मामेभावाची कॉन्ट्रॅक्ट नोट घेऊन येतो, त्याने नाव झाकून दाखवायला होकार दिलाय. ज्यांचे सौदे चालू आहेत त्यांनी गेल्या वर्षाचं प्रॉफिट-लॉस स्टेटमेंट आणावं. नफ्यात असाल तर तेही दाखवा.