पाण्याचा पैसा पाण्यालाच

आमच्या सोसायटीची खजिनदार म्हणून महापालिकेचे पाणीबिल माझ्याच हातात येते. एकदा शेजारच्या काकांनी विचारले, "माझ्या घराचे पाणी नक्की कितीचे?" कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मुंबईत २०२२च्या दरवाढीनंतर इमारतींतील घरगुती पाण्याचा मूळ दर हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे झाला. चार माणसे, माणशी रोजचे १३५ लिटर, म्हणजे महिन्याला १६,२०० लिटर. त्याचे झाले १०३ रुपये. त्यावर ७० टक्के मलनिःसारण आकार. एकूण १७५ रुपये. काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. बाहेर मिळणाऱ्या वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटल्या एवढ्या पैशांत नऊसुद्धा येत नाहीत.

तरीही दरवाढीचे नाव निघाले की शहर पेटून उठते, आणि त्या आवाजात खरा प्रश्न बुडून जातो. दर किती, यापेक्षा तो कशाच्या आधारावर ठरला आणि गोळा झालेला पैसा कुठे गेला, हे महत्त्वाचे आहे. माझे म्हणणे सरळ आहे. पाण्याचा दर लिहिलेल्या नियमाने, सर्वांसमोर ठरावा आणि पाण्यातून आलेला पैसा पाण्यावरच खर्च व्हावा. याच्या आड तीन युक्तिवाद येतात. त्यांचा आधी समाचार घेऊ.

पहिला युक्तिवाद श्रद्धेचा. पाणी हे देवाचे देणे, त्याचे पैसे कसले? पाऊस देवाचा, हे मला मान्य आहे. पण तो पडतो शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांत आणि नळ उघडतो दादरच्या स्वयंपाकघरात. मधल्या शंभरेक किलोमीटरांत भातसा, तानसा, मध्य वैतरणा ही धरणे आहेत, जलबोगदे आहेत, पंप आहेत, शुद्धीकरण केंद्रे आहेत, रात्री-अपरात्री चावी फिरवणारा चावीवाला आहे. विहार तलाव १८६० साली बांधून झाला, मध्य वैतरणा २०१४ साली. दीडशे वर्षे हे शहर पाण्यासाठी एकेक पाऊल दूर सरकत गेले आणि प्रत्येक पावलाला पैसा लागला. बिल येते ते या वाटेचे.

दुसरा युक्तिवाद दयेचा. दर गोठवले की गरिबाला दिलासा मिळतो. हा ऐकायला सर्वांत गोड आणि परिणामाने सर्वांत घातक आहे. गोठवलेल्या दराचा फायदा ज्याच्या घरी नळ आहे त्यालाच मिळतो. वस्तीत जिच्या दारात जोडणीच नाही, ती बाई हंड्याच्या, कॅनच्या हिशेबाने पाणी विकत घेते आणि माझ्यापेक्षा कित्येक पट महाग घेते. तिला हवी आहे जलवाहिनी. जोडणीसाठी झगडलेल्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला की घर अनधिकृत असले तरी माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. तो हक्क घरापर्यंत पोचवायला नळ टाकावे लागतात आणि नळ टाकायला निधी लागतो.

मुंबईत दर वाढवण्यासाठी नियम केलेलाही आहे. २०१२च्या धोरणानुसार खर्च वाढेल तसा दर वर्षाला जास्तीत जास्त ८ टक्के वाढवता येतो. २०२२ साली ७.१२ टक्के वाढ झालीही. त्यानंतर मात्र वाढीचा विषय निघाला की स्थगिती, हाच क्रम झाला. पाणी पंपाने चढवायला लागणारी वीज थांबली नाही, गंजणारे लोखंड थांबले नाही, गळतीही थांबली नाही. शहरात येणाऱ्या पाण्यातला पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यानचा भाग आजही गळती आणि चोरीत जातो. देखभाल उपाशी ठेवली की गळती वाढते आणि शेवटच्या टोकाच्या वस्तीचा नळ सर्वांत आधी कोरडा पडतो. दया दाखवली कुणावर आणि भोगले कुणी, याचा विचार करावा.

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे. पाणीपुरवठ्याचा उद्योग पालिकेचा, शहर पालिकेचे. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले तर बिघडले कुठे?

याचे उत्तर मुंबईने स्वतः अनुभवले आहे. १९४७ साली पालिकेने वीज आणि वाहतूक दोन्ही ताब्यात घेतली आणि बेस्ट पालिकेची झाली. अनेक दशके विजेच्या नफ्याने बस चालवली. नफा पुरेना, तेव्हा बसची तूट वीजबिलातच वेगळा आकार लावून वसूल केली गेली. हेतू चांगला होता. बस ही शहराची नाडी आहे, तिला पैसा मिळालाच पाहिजे. पण बेस्टची वीज फक्त शहर भागात, शीव-माहीमपर्यंत. बस मात्र दहिसर-मुलुंडपर्यंत. म्हणजे लालबागच्या चाळीतला भाडेकरू पंख्याच्या वापरावर बोरिवलीच्या बसची तूट भरत होता आणि बोरिवलीचा बंगलेवाला त्या तुटीत वीजबिलातून एक पैसाही घालत नव्हता. याहून मोठे नुकसान आणखी एक झाले. बससाठी शहराने आपल्या करांतून दरवर्षी किती द्यायचे, हा प्रश्न उघडपणे विचारायची वेळच लवकर आली नाही. आडवाटेने पैसा मिळत राहिला की हक्काची वाट बांधली जात नाही.

एका सेवेचा पैसा दुसरीकडे वळवण्याच्या या प्रश्नावर अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने १९९६ साली मतदानाने कायदा केला, 'प्रपोझिशन २१८'. सेवेच्या खर्चापेक्षा जास्त शुल्क घ्यायचे नाही, घेतलेले शुल्क दुसऱ्या कामाला वापरायचे नाही, दर वाढवण्यापूर्वी घरोघर पत्र पाठवून ४५ दिवसांनी सुनावणी घ्यायची आणि बहुसंख्य ग्राहकांनी लेखी विरोध केला तर वाढ रद्द. रोझव्हिल शहर पाणी, सांडपाणी आणि कचरा या सेवांच्या वार्षिक अर्थसंकल्पातून ४ टक्के रक्कम सर्वसाधारण निधीत वळवत असे. २००२ साली न्यायालयाने ती अवैध ठरवली.

तो कायदा जसाच्या तसा इथे आणावा, असे मी म्हणणार नाही. त्याच्या कडकपणामुळे तिथे पाण्याच्या दरातूनच गरिबाला सवलत देणेही अवघड होऊन बसले. आपल्याकडे झोपडपट्टीला कमी दर, इमारतीला त्याहून थोडा जास्त आणि पंचतारांकित हॉटेलला कितीतरी जास्त, ही चढती भाजणी आहे आणि ती न्याय्य आहे. हॉटेलच्या पाण्याचा पैसा वस्तीच्या पाण्याला जातो, पाण्याच्या वर्तुळातच राहतो आणि दरपत्रकात सर्वांना दिसतो. आक्षेप आहे तो न दिसणाऱ्या वाटांना.

मग करायचे काय? मुंबई महापालिकेत पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचा अर्थसंकल्प 'ग' वेगळा मांडला जातो. ही चांगली रीत प्रत्येक महापालिकेने घ्यावी आणि त्या हिशेबातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रुपयाचे कारण छापावे. मालमत्तेच्या मूल्यावर पाणीपट्टी बसवण्याची पद्धत सोडून मीटर बसवावेत, म्हणजे मोठ्या घरात बादलीभर पाण्यात भागवणाऱ्या आजीला लहान घरातल्या उधळ्या कुटुंबापेक्षा जास्त भरावे लागणार नाही. आणि सुनावणी व्हावी. विजेचा दर वाढवायचा तर कंपनीला वीज नियामक आयोगापुढे याचिका करावी लागते, लोकांच्या हरकती ऐकल्या जातात, कारणांसह आदेश निघतो. धरणाच्या घाऊक पाण्याचे दर ठरवायलाही राज्यात २००५च्या कायद्याने प्राधिकरण आहे. घरच्या नळाच्या दराला मात्र अशी सुनावणी नाही. ती मिळाली तर मंत्रालयातून फोन करून दर गोठवणेही अवघड होईल आणि आयुक्तांनी एका सहीने वाढवणेही.

त्या सुनावणीत एक खुर्ची शहापूरसाठी असावी. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा ही धरणे ज्या तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. टँकर येताना दिसला की बाया हंडे-कळश्या घेऊन धावतात. काकांच्या त्या १७५ रुपयांतले चार रुपये पाड्यावरच्या नळासाठी वेगळे निघाले, तर मी आमच्या सोसायटीच्या सभेत उभी राहून त्या वाढीला पाठिंबा देईन. कारण तो पैसा पाण्याचाच असेल, आणि जिथून पाणी येते तिथे पोचलेला असेल.