फ्लामेंको : पायांच्या आधीं कान

स्पेन देशाच्या दक्षिणेस आंदालुसिया प्रांत आहे. तेथील फ्लामेंको हें संगीत बहुतेकांस ठाऊक असतें तें नृत्याच्या रूपानें : झालरींचा घोळदार झगा आणि टांचांचा ठेका. ज्या तरुण मंडळीस तें ऐकावयाचें वा शिकावयाचें असेल, त्यांस आमचें सांगणें एवढेंच, कीं पायांकडे पाहण्यापूर्वीं गाणें ऐकावें.

नृत्य वाद्यामागून व वाद्य गीतामागून चालतें, असें शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त म्हटलें आहे. फ्लामेंकोस तें तंतोतंत लागू पडतें. गायन, गितार व नृत्य हीं त्याचीं तीन अंगें; पैकीं मूळ गायन. गायकाचा चरण चालू असतां नर्तकी पाय आवरते. तो संपला म्हणजे पायांनीं उत्तर देते, आणि ठराविक पदन्यासानें त्यास पुढील चरणासाठीं पाचारण करते. ज्यास गाणें कळलें नाहीं, त्याचें नृत्य म्हणजे अर्थावांचून केलेलें पाठांतर होय.

तालास तेथें 'कोंपास' म्हणतात. 'सोलेआ' या गंभीर प्रकारांत आपल्या एकतालाप्रमाणें बारा मात्रा असतात. परंतु आघात ३, ६, ८, १० व १२ यांवर पडतात. टाळ्या वाजवीत हे अंक मोठ्यानें मोजावे. 'आलेग्रीआस'मध्यें हेच आघात आनंदी चालींत भेटतात. 'तांगोस' चार मात्रांचा असल्यामुळें नवशिक्यास सोपा. द्रुत 'बुलेरीआस' अखेरीस घ्यावें.

'सेगिरिया' हें शोकाचें गाणें. त्यांतील घोगरा, फाटल्यासारखा स्वर आमच्या गोडव्यास सरावलेल्या कानांस प्रथम खुपतो. परंतु तो दोष नव्हे. हें संगीत घडविण्यांत जिप्सी लोकांचा वांटा फार मोठा. त्यांच्या भाषेचें मूळ हिंदुस्थानांत आहे. पंधराव्या शतकांत ते स्पेनमध्यें पोंचले, आणि १७४९ सालीं सहाव्या फर्डिनंड राजाच्या आज्ञेनें त्यांची सरसकट धरपकड होऊन नवरा-बायकोंची ताटातूट झाली. तुरुंग, लोहाराची भट्टी, आईचा मृत्यु हे या गीतांचे विषय आहेत. अशा गाण्यास गोड गळा मागणें अन्यायाचें होईल.

आरंभीं पास्तोरा पावोन (१८९०–१९६९) या गायिकेचें गायन ऐकावें. नंतर कामारोन दे ला इस्ला व गितारवादक पाको दे लुसीआ यांचें १९६९ ते १९७७ या काळांतील एकत्रित मुद्रण. युनेस्कोनें २०१० सालीं या कलेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. आपल्या घरांत तिला स्थान द्यावयाचें, तर प्रथम एक महिना नुसतें ऐकावें, आणि मग घुंगरांवांचूनच्या या नृत्यास उभें राहावें.