गोसावी रोग आणि बियाण्याची मालकी

बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे झुपके फुटले, की आपला शेतकरी ‘गोसावी पडला’ असे म्हणतो. कणसाला जटा आणि पदरात दाणा नाही! कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत याच रोगाला ‘केवडा’ असेही म्हटलेले आढळते, कारण आरंभी पाने बुडाकडून पिवळी पडत जातात. ज्या पिकावर कोरडवाहू मुलखातील गरिबाची भाकरी अवलंबून आहे त्याच्या या रोगाकडे निव्वळ शेतकी खात्याचा विषय म्हणून पाहणे आम्हांला मान्य नाही.

या रोगाचे बीजाणू जमिनीत कित्येक वर्षे तग धरून राहतात आणि रोप कोवळे असतानाच त्यात शिरतात. पुढे दमट रात्री पानांच्या खालच्या अंगावर पांढुरकी लव धरते व तिच्यातून नवे बीजाणू वाऱ्याबरोबर शेजारच्या रोपांवर जातात. हा जीव बुरशीसारखा दिसला तरी शास्त्रदृष्ट्या शेवाळाला अधिक जवळचा आहे. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखी प्रचलित बुरशीनाशके त्याच्यावर चालत नाहीत. उधारीच्या दुकानातून आणलेली पुडी वाया जाते ती अशी.

परंतु रोगाची साथ केवळ हवामानाने येत नसते. १९६५ साली लुधियानाच्या कृषी विद्यापीठातून ‘एचबी-१’ हा संकर बाहेर पडला. उत्पन्नाच्या दृष्टीने ती मोठीच झेप होती आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो आणि त्यापाठोपाठचे संकर ‘टिफ्ट २३ए’ या एकाच अमेरिकी मादी वाणावर उभे होते. अमेरिकेत बाजरीवर हा रोग नसल्याने त्या वाणाची त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. येथे लक्षावधी एकरांवर एकाच रक्ताचे पीक उभे राहिले आणि सत्तरीच्या दशकारंभी साथीने ते झोडपून काढले. १९७०-७१ मध्ये देशात सुमारे ८० लाख टन बाजरी पिकली होती. १९७४-७५ मध्ये ती निम्म्याहूनही कमी झाली. त्यात अवर्षणाचा वाटा होता हे खरे, पण रोगाचा वाटाही लहान नव्हता.

यातून मार्ग निघाला तो सार्वजनिक संशोधनामुळे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेचा ‘डब्ल्यूसी-सी७५’ हा वाण १९८२ साली प्रसारित झाला. त्याने रोगाला दीर्घकाळ दाद दिली नाही. शिवाय तो संकर नव्हे, तर सुधारित वाण असल्याने शेतकऱ्याला घरचे बी राखता येत होते. संकराचे बी दरसाल विकत घ्यावे लागते, आणि आज त्या बाजाराचा मोठा भाग खासगी कंपन्यांच्या हाती आहे. कंपनी पिशवीचे मोल पेरणीपूर्वीच वसूल करते. गोसावी पडला तर तोटा मात्र सर्वस्वी शेतकऱ्याचा. जोखीम एकाची आणि नफा दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे.

शेतावरचे उपाय अवघड नाहीत. रोगप्रतिकारक वाण घ्यावा, किलोभर बियाण्यास ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल चोळावे, पेरणी वेळेवर करावी, रोगट रोपे दिसताच उपटून जाळावीत आणि त्याच रानात दरसाल बाजरी घेऊ नये. मात्र एकाच औषधावर भिस्त ठेवली तर रोग त्याला जुमानेनासा होतो, हे द्राक्ष व बटाट्याच्या बाबतीत दिसून आले आहे. वाणाची प्रतिकारशक्तीही कायमची नसते, कारण रोगही रूप पालटतो. म्हणून वाणांची पैदास अखंड चालू राहिली पाहिजे आणि त्यासाठी कृषी विद्यापीठांत पैसा व माणसे हवीत.

२०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष समारंभपूर्वक साजरे झाले. समारंभांना आमची हरकत नाही. परंतु बाजरीच्या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी येत्या खरिपापूर्वी तालुका कृषी कार्यालयात जाऊन तीन गोष्टी लेखी मागाव्यात: गेल्या हंगामात कोणत्या वाणावर किती गोसावी पडला याची गाववार नोंद, ‘महाबीज’कडून सुधारित वाणांचे पुरेसे बियाणे, आणि रोगाने पीक बुडाल्यास बियाणे विकणाऱ्याकडून भरपाई मिळवून देणारी यंत्रणा.