पावसाची चौकशी

वर्षावासाच्या प्रारंभी आपण शाळेच्या आवारात रोपे लावतो. रोप लावणाऱ्या हातांनी त्यावर पडणाऱ्या पावसाचीही चौकशी करावी, असे आम्हांस वाटते.

स्वच्छ पावसाचे पाणीही किंचित आम्लधर्मी असते. त्याचा सामू सुमारे ५.६ असतो. कोळसा जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मिसळली की हा आकडा आणखी खाली येतो. असा पाऊस पानांवरील मेणाचा थर झिजवतो, मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि एरवी बद्ध असलेले ॲल्युमिनियम मोकळे करतो. त्यामुळे मुळे खुरटतात. वरून झाड हिरवे दिसते, वाढ मात्र मंदावते.

विदर्भाच्या काळ्या मातीतील चुनखडी हे आम्ल बरेचसे पचवते. कोकणच्या जांभ्या मातीत ती ताकद नाही. परंतु मातीच्या सहनशीलतेवर विसंबून चिमण्यांना मोकळीक देणे आम्हांस मान्य नाही. औष्णिक वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घालणारी अधिसूचना २०१५ साली निघाली. तिच्या मुदती मात्र वारंवार पुढे ढकलल्या गेल्या.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला. कारणाचा निरोध झाल्याखेरीज दुःखाचा निरोध होत नाही. युरोपात गंधकाचे उत्सर्जन घटले, तेव्हा तेथील पावसाची आम्लताही उतरली. कारण धुरात असताना केवळ रोपे लावून समाधान मानणे धम्माला धरून नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी रोपाला पाणी घालावे आणि धुराचा जाबही विचारावा.