जुनी फटफटी, कार्बोरेटर आणि आपलेच इथेनॉल

पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत पंपाच्या स्टार्टरचे सामान घ्यायला गेलेला सभासद तिथून नाना पेठेत वळतो आणि घरच्या जुन्या राजदूत, येझदी नाहीतर बुलेटसाठी अख्खा नवा कार्बोरेटर बांधून आणतो. पुष्कळदा हा पैसा वाया जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे. महिनाभरात गाडी पुन्हा धरत नाही आणि शिव्या खाते ते इथेनॉल. म्हणजे आपलाच ऊस!

त्यात अर्धे खरे आहे, आणि कारखानदारीतल्या माणसांनी ते झाकू नये. पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. आसवनी असलेल्या कारखान्यांना उसाची बिले भागवायला त्या पैशाचा हातभार लागतो, हे सभासद बंधूंना सांगायला नको. पण येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला. असल्या गाड्यांचे रबर नि वायसर इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून केलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पावसाळाभर गाडी छपरात उभी, झाकणातून ओल शिरलेली, की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसते. रिझर्व्हवर टाकली की तेच आधी कार्बोरेटरात! टू-स्ट्रोकला तर धोका जास्त. पेट्रोलात कालवलेले ऑईल त्या तळच्या पाण्यात उतरत नाही. इंजिन कोरडे चालून पिस्टन धरतो.

तेव्हा कार्बोरेटरला हात लावण्याआधी टाकी बघा. मैलभर जाऊन गाडी बंद पडते, झाकण उघडले की सुस्कारा येतो आणि पुन्हा चालू होते? मग झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे, बाकी काही नाही. नळी काढून कॉक खोला, पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पुरती रिकामी करा. चोक ओढल्यावर चालते नि चोक सोडताच मरते, तर पायलट जेट तुंबला समजा. जेट तारेने टोकरू नये. पितळ मऊ, भोक मोठे झाले की गाडी पेट्रोल पिते. पेट्रोलात धुवायचा, पंपाने हवा मारायची. उभ्या गाडीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची पिन नीट बसत नाही, किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरले आहे. फ्लोट कानाशी धरून हलवला की कळते. प्लग काळा काजळलेला असेल तर आधी एअर फिल्टर धुवा. पांढराफटक असेल तर हवा जादा होते आहे. २० टक्क्यांच्या पेट्रोलला जुना जेट थोडा कमीच पडतो, मिस्त्रीला एक नंबर मोठा घालून बघायला सांगा.

एवढे करायला पाना, पेचकस आणि एक दुपार पुरते. किक मारून पाय भरून येण्यापेक्षा हे बरे.

आमची सूचना कारखान्यांना आहे. इथेनॉलचा फायदा सांगताना पंपावर एक फळीही लावा: जुनी गाडी महिनाभर उभी करायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, रबरी नळी नि पॅकिंग बदलून घ्या. फ्लोट पिन, जेट आणि पॅकिंगचा संच नाना पेठेत सुटा मिळतो, अख्खा कार्बोरेटर घ्यावा लागत नाही.