म्हातारपणाची पुंजी कोणाच्या हवाली?

घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायची तर आपला शेतकरी दोन चकरा मारतो, दात बघतो, धार काढून बघतो, मगच इसार देतो. पण हाच गडी तीस वर्षांची कमाई कोणाकडे ठेवायची हे ओळखीच्या एजंटाच्या शब्दावर ठरवतो. 'आपलाच माणूस आहे, व्याज अर्धा टक्का जादा देतो', एवढ्यावर व्यवहार पक्का! मंडळी, हे बदलायला हवे.

नगर जिल्हा सहकाराचे माहेरघर. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग बँका आणि पतसंस्था आल्या. त्यांनी गावाला पत दिली, हे नाकारता येणार नाही. पण १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, हेही विसरून चालणार नाही. बँक बुडाली तर २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. म्हणजे म्हातारपणाचा सगळा पैसा एका पतसंस्थेत ठेवणे म्हणजे सगळे बी एकाच वाफ्यात टाकण्यासारखे आहे.

तेव्हा पैसा देण्याआधी चार गोष्टी विचारा. खाते कोणाच्या नावावर? मागे कायद्याचा किंवा सरकारचा आधार आहे का? जमा रक्कम मला स्वतःला बघता येते का? आणि माझ्या माघारी घरच्यांना काय मिळणार?

कारखान्यात किंवा मोठ्या संस्थेत नोकरीला असाल तर १९५२ साली कायद्याने सुरू झालेला भविष्य निर्वाह निधी हा पहिला आधार. तुमचे बारा टक्के कापले जातात, तेवढेच मालकाने घालायचे असतात, आणि त्यातलाच काही भाग पेन्शनसाठी जातो. पगारपत्रकावर कपात दिसली म्हणजे भरणा झाला असे नव्हे! पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरलेच पाहिजेत. आपला यूएएन नंबर घ्या, मोबाईलवर पासबुक दर तिमाहीला बघा. पैसे दिसले नाहीत तर लगेच लेखी विचारा. दहा वर्षांनी जाग येऊन उपयोग नाही. या पेन्शनवर सगळी भिस्तही ठेवू नका. तिची किमान रक्कम २०१४ साली ठरली, ती महिना हजार रुपये.

शेतकऱ्याचे काय? त्याला मालक नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचे कोणी भरत नाही. वय १८ ते ४० असेल तर दोन वाटा आहेत. २०१५ ची अटल पेन्शन योजना बँकेत किंवा पोस्टात मिळते, मात्र आयकर भरणाऱ्याला २०२२ पासून ती घेता येत नाही. साठीनंतर महिना पाच हजार हवे असतील तर १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१० रुपये पडतात, चाळिसाव्या वर्षी १४५४. उशिराची किंमत बघा! दुसरी वाट २०१९ ची किसान मानधन योजना. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याने महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालते, आणि साठीनंतर तीन हजार पेन्शन. पैसा एलआयसी सांभाळते.

मग निवड कशी करायची? चाळिशीतल्या माणसाला अटलमध्ये तीन हजारांच्या पेन्शनसाठी ८७३ रुपये पडतात, मानधनात २००. मानधन स्वस्त खरे. पण अटलमध्ये जोडीदाराला पूर्ण पेन्शन चालू राहते आणि दोघांच्या माघारी वारसाला जमा रक्कम मिळते. मानधनात जोडीदाराला निम्मीच. घरात कोण मागे राहणार, याचा विचार करून ठरवा. आणि आजच्या तीन हजारांना वीस-तीस वर्षांनी किती किंमत राहील, तेही मनात ठेवा. म्हणून एकीवर न थांबता जोडीला पोस्टातला पीपीएफ ठेवा. चाळिशी उलटलेल्यांनाही तो घेता येतो, वर्षाला पाचशे रुपये भरले तरी खाते चालू राहते.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना दोन शब्द. पाणी सोडणारा, झाडलोट करणारा, शिपाई यांच्या पगारातून निधीची कपात होते, पंचायतीनेही आपला हिस्सा घालायचा असतो. वसुली थकली की पहिली कात्री या हिश्श्यालाच लागते. हे बरे नव्हे. तो पैसा पंचायतीचा नाही, त्या माणसाच्या म्हातारपणाचा आहे. दर ग्रामसभेत कोणाच्या खात्यात किती भरले, ते वाचून दाखवा. गावाचे पाणी सांभाळणाऱ्याला उतारवयात हात पसरावा लागला, तर त्यात गावाचीच नामुष्की आहे.