नुसता घोडा घेऊन जबलपूरला जाताना

ट्रेलर दुसऱ्याचा, तो ओढणारा घोडा, म्हणजे इंजिनाची पुढची गाडी, आपली, अशा कामाकडे आज विदर्भातले अनेक मोटारमालक वळत आहेत. ट्रेलरमध्ये पैसा अडकत नाही, एकाच गाडीचा हप्ता फेडायचा असतो. उत्तरेकडे हे काम शोधणाऱ्याच्या तोंडी पहिले नाव जबलपूरचे येते आणि ते योग्यच आहे. जुन्या सात नंबर हायवेने सिवनी, जबलपूर ओलांडले की कटनी, कैमोर, मैहर, सतना, रीवा हा सिमेंटचा पट्टा लागतो. तिथे सिमेंटचे बल्कर लागतात, तसे औष्णिक केंद्रांतून सिमेंट कारखान्यांकडे जाणाऱ्या राखेचेही. बल्कर ठेकेदाराचा असेल, तर ओढायला घोडा हवाच.

हे काम ट्रान्सपोर्टनगरातल्या दलालाकडे बसून क्वचितच मिळते. दलाल भरलेल्या गाडीचे भाडे विकतो. घोड्याचे काम कारखान्याचा ठेका असलेल्या वाहतूकदाराकडे असते. त्यामुळे कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून बल्करवरची नावे टिपा आणि थेट त्यांच्या कार्यालयात जा. तिथल्या मुनशीला भेटल्याशिवाय परतू नका.

खरा धोका त्यानंतर सुरू होतो. मोटार वाहन कायदा घोडा आणि ट्रेलर यांना वेगळी वाहने मानतो. दोन्हींची नोंदणी, फिटनेस आणि विमा वेगवेगळा. ट्रेलरचा विमा संपला असला तरी रस्त्यावर अडकतो तुमचा चालक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये आहे. माल तुम्ही भरलेला नसतो, वजनकाटाही तुमचा नसतो. म्हणून काट्याची पावती हातात आल्याशिवाय चालकाने गाडी हलवू नये, मुनशी कितीही घाई करो.

जोडणीआधी किंगपिन पाहा. तो ५० मिलिमीटरचा असतो किंवा ९० मिलिमीटरचा. फिफ्थ व्हील त्याच मापाचे नसेल, तर काम तिथेच थांबवा. टायर, ब्रेकच्या हवेच्या नळ्या, दिव्यांचे कनेक्शन यांचे फोटो काढा आणि दोघांच्या सहीची ताबापावती करा. ही पावती नसेल, तर आधीच झिजलेल्या टायरचे पैसे तुमच्या बिलातून कापले जातील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. वाटेत घोडा बिघडून दुसरा जोडावा लागला, तर ई-वे बिलाच्या ‘पार्ट बी’मध्ये नवा नंबर भरावाच लागतो. तो कोणी भरायचा, हेही ठेकेदाराशी आधीच ठरवा.

दराबाबत आमचे मत स्पष्ट आहे. टनामागे दर घेऊन नुसता घोडा चालवू नका. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, सिमेंटची मागणी घटते, कारखान्यासमोर रांगा लागतात, आणि खेड्यापाड्यांच्या या भागात परतीचे भाडे सहज मिळत नाही. किलोमीटरमागे दर, महिन्याला किमान किलोमीटरची हमी, रिकाम्या फेरीचा वेगळा दर आणि ठरावीक तासांनंतरच्या खोळंब्याची भरपाई, हे चारही मुद्दे करारात हवेत. डिझेल वाढले तर दर कसा बदलेल, तेही लिहून घ्या. रांगेत दिवस काढणाऱ्या चालकाचा भत्ता खोळंब्याच्या रकमेतूनच निघतो. ती रक्कम मिळाली नाही, तर पोट चालकाचे मारले जाते.

पैसे बुडण्याची भीती सर्वांत मोठी. उद्यम नोंदणी करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर चक्रवाढ व्याज लागते. या हक्काचा वापर करणारे मोटारमालक फार थोडे आहेत, आणि ठेकेदारांना ते ठाऊक आहे.

या हंगामात जबलपूरकडे निघणार असाल, तर ताबापावतीचा नमुना आणि कराराचा मसुदा आधी तयार ठेवा. त्यावर सही करायला तयार नसलेल्या ठेकेदाराचा बल्कर जोडू नका.